कलेजीचा पहिला घास

मैमूना होडेकरच्या तोंडाला लागू नये, हे मिठबावच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुक्या मासळीची टोपली घेऊन ती ज्या कोपऱ्यावर बसते, तिथे भाव करणारं नवखं गिऱ्हाईक आलं की शेजारच्या भाजीवाल्या बायका हातातलं काम थांबवून कान टवकारतात. मैमूना भांडत नाही. गिऱ्हाइकाच्या हातातला बांगडा शांतपणे काढून घेते, टोपलीत ठेवते आणि मागच्या माणसाला विचारते, तुला काय देऊ. मग त्या पहिल्याने कितीही आर्जवं केली तरी त्या दिवशी त्याला मासळी मिळत नाही. पण एखादी पोटुशी बाई आली तर मूठभर सोडे न मागता तिच्या पिशवीत पडतात, आणि तिने आभार मानले की मैमूनाला राग येतो.

मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, बारा-पंधरा मुसलमान घरांची वस्ती आहे. मोहल्ला म्हणायचा तो एवढाच: एक लहानशी मशीद, एक विहीर, माडांच्या दोन रांगा आणि पुढे वाळू. बहुतेक घरं दालदी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणारी. मैमूना विसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. आठ वर्षं मूल नव्हतं, मग मुबीन झाला. मुबीन चार वर्षांचा असताना तिचा नवरा याकूब काविळीने गेला. वर्ष उलटतंय न उलटतंय तोच माहेरच्यांनी विजयदुर्गचं एक स्थळ आणलं. माणूस चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. मैमूनाने पाहुण्यांना चहा दिला, निघताना दोन नारळ दिले आणि आपलं मन नाही म्हणून सांगितलं. पुढे कोणी तिच्या सोसण्याचं कौतुक करू लागलं की ती फिस्कारायची. सोसलं कसलं त्यात, नको होतं म्हणून नाही म्हटलं, हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

याकूब ज्या होडीवर खलाशी होता ती होडी दाजी तांडेलाची. दाजी गाबीत, म्हणजे हिंदू मच्छीमार, राहायला खाडीपलीकडे. याकूब गेल्यावर त्याने मैमूनाच्या दारात मासळीचा वाटा टाकायचं सोडलं नाही, आणि मुबीन अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला आपल्याच होडीवर घेतलं. पंचविसाव्या वर्षी साठवलेल्या कमाईतून मुबीनने आचऱ्याच्या बाजारातून एक काळी शेळी आणली. आईला म्हणाला, आता टोपली डोक्यावर नको, घरात बसून हिला बघ. मैमूनाने टोपलीही सोडली नाही आणि शेळीही वाढवली.

सत्ताविसाव्या वर्षी मुबीनचं लग्न झालं. राबिया बांद्याची, अबोल पोर, शिवणकामात हात चांगला. त्या सालची बकरी ईद नेमकी ओढाताणीची गेली. मोहल्ल्यात सहा घरांत कुर्बानी झाली, ह्यांच्या घरी शेजारून आलेल्या ताटल्यांवर सण झाला. मुबीनच्या ते मनाला लागलं असावं. ईद उलटली, होड्या पाण्यात गेल्या, आणि एका पहाटे जाळं खांद्यावर घेऊन निघताना तो दारातच थांबला. आईला म्हणाला, "अम्मा, पुढच्या ईदीपासून काळीचो एक बोकड दर वर्साक माझ्या नावान कर. मी घरात आसलंय काय नसलंय." मैमूना चुलीला फुंकर घालत होती. तिने नुसतं हूं केलं. आपण तेव्हा मागे वळून पाहिलं नाही, हे तिला अजून टोचतं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुबीन बुडाला. आजतागायत मैमूना बुडाला असं म्हणत नाही, ऱ्हवलो म्हणते. दर्यात राहिला. होडी परत आली, दाजी परत आला, बाकीचे दोघे खलाशी परत आले. चार दिवस देवगडपासून मालवणपर्यंतच्या होड्यांनी शोध घेतला. काही मिळालं नाही. दाजी पाचव्या दिवशी तिच्या पडवीत येऊन बसला आणि सांगू लागला. मैमूनाने त्याला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ दिलं नाही. पडताना पाहिलंत ना, मेलेला पाहिलात काय, एवढं विचारून ती आत निघून गेली. त्या दिवसापासून दाजीने होडीवर पाय ठेवला नाही. होडी आता त्याचे पुतणे चालवतात.

पुढची ईद आली. मैमूनाने काळीचा थोरला बोकड काढला आणि खतीबसाहेबांकडे गेली. खतीबसाहेब मोहल्ल्याची नमाज पढवतात आणि कुर्बानीही तेच करतात. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं.

कोकणातले मुसलमान शाफई रिवाजाने चालतात. त्यात दुसऱ्याच्या नावाने कुर्बानी करायची तर त्या माणसाची परवानगी लागते. तो मेलेला असेल तर त्याने तसं सांगून ठेवलेलं असावं लागतं, वसियत लागते. मुबीनचे दारातले शब्द दोन्हीकडून चालत होते. तो जिवंत असेल तर ती परवानगी, नसेल तर ती वसियत. फरक होता तो मटणात. जित्या माणसाची कुर्बानी असेल तर तीन वाटे होतात: एक गोरगरिबांचा, एक नात्यागोत्याचा नि शेजारपाजारचा, एक घरचा. घरच्यांनी सकाळपासून तोंडात काही घालायचं नसतं आणि उपाशी पोटी पहिला घास खायचा तो त्याच बोकडाच्या कलेजीचा. पण कुर्बानी मेलेल्याच्या वसियतीची असेल तर घरात त्यातला तुकडाही शिजत नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळं गोरगरिबांच्या घरी जातं.

हे समजावून खतीबसाहेब म्हणाले होते, "तो खंय आसा ह्या माका म्हायत नाय, मैमूना. बोकड मी कापतलंय. कलेजी शिजवची काय नाय, तां तू ठरव."

मैमूनाने ठरवलं. राबियाने आल्या-लसणीचं वाटण नि मिरपूड लावून तव्यावर कलेजी परतली, आणि सासूने पहिला घास खाल्ला, सुनेला दुसरा भरवला. असं एक वर्ष नाही, सहा वर्षं चाललं. ईदच्या सकाळी होडेकरांच्या चुलीवरून कलेजीचा वास सुटला की मोहल्ल्याला कळायचं, मैमूनाच्या लेखी मुबीन अजून आहे. कोणी काही बोलत नसे. मधल्या काळात एकदा खतीबसाहेबांनी विषय काढला होता, की मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज आपल्यात पढता येते. मैमूना म्हणाली, ज्याच्या नावाची कलेजी मी खाल्ली त्याचा जनाजा तुम्ही कसा काय लावता. खतीबसाहेबांनी पुन्हा ते तोंडातून काढलं नाही.

दाजी मात्र दर ईदला यायचा. दुपारी स्टीलचा डबा घेऊन पडवीच्या टोकाला बसायचा. मैमूना त्याच्या डब्यात शेजाऱ्यांच्या वाट्यातलं मटण घालायची, चहा द्यायची, पुतण्यांची चौकशी करायची. त्याने घसा खाकरला की ती उठून शेळ्यांकडे जायची. माणूस वाईट नव्हता, तिलाही ते कळत होतं. तो काय सांगेल याचीच तिला भीती होती.

आता यंदाची गोष्ट. रमझानची ईद झाली आणि पंधरा दिवसांनी राबियाचा भाऊ बांद्याहून आला. मैमूना मागे गोठ्यात काळीला फणसाचा पाला घालत होती. गोठ्याची नि स्वयंपाकघराची भिंत एकच, वर माडाच्या झापांची फट. त्यामुळे जे ऐकायचं नव्हतं ते तिने ऐकलं.

भावाने स्थळ आणलं होतं. बांद्यातलाच माणूस, शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो, बायको बाळंतपणात गेलेली, पाच वर्षांची एक मुलगी. त्या मुलीला राबियाने शिवलेला फ्रॉक फार आवडला होता म्हणे. भाऊ समजावत होता की सात वर्षं होत आली, आता कायद्याने मोकळी होशील, धर्मानेही होशील, तू तिशीत पोचलीस. राबिया म्हणाली, "ह्या घरात कलेजी शिजता तवसर मी कोणाची तरी बायल आसंय. माका इचारू नको."

"आणि म्हातारी असाच करीत ऱ्हवली तर?"

"अम्माक म्हातारी म्हणा नको," राबिया म्हणाली, आणि शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला.

मैमूनाला आधी भावाचा संताप आला. माझ्या घरात बसून माझ्या सुनेला पळवायला निघालाय, असं वाटून तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पाल्याचा भारा आपटला, काळी बिचकून बाजूला झाली. भाऊ निघाला तेव्हा ती बाहेर आली नाही, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दोन दिवस राबियाशी धड बोलली नाही. राबियाने कारण विचारलं नाही, ती नेहमीसारखी पाणी भरत राहिली, गावातल्या पोरांचे शाळेचे सदरे शिवत राहिली.

तिसऱ्या दिवशी बाजारात एक बाई आपल्या विधवा बहिणीबद्दल सांगत होती, स्थळं येतात पण ती ऐकत नाही म्हणून. मैमूना सवयीने म्हणून गेली, नको असेल तिला, म्हणून नाही म्हणत असेल, तुम्ही का तिच्या मागे लागता. बोलली आणि टोपलीवर हात ठेवून तशीच बसली. विजयदुर्गच्या पाहुण्यांना आपण नाही म्हटलं, कारण आपल्याला म्हणता आलं. आपण विधवा होतो, नवऱ्याची कबर डोळ्यांसमोर होती, हो म्हणायचं की नाही हे आपल्या हातात होतं. राबियाच्या हातात काय आहे? तिला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. दर ईदला पहिला घास आपण खातो आणि दुसरा तिच्या तोंडात घालतो, आणि ती तोंड उघडते. मैमूनाला त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की तिने अर्धी टोपली न विकताच घरची वाट धरली.

तरीही मन तयार होत नव्हतं. जीव एकीकडे सांगायचा, की राबियाला सरळ विचार. पण विचारायचं म्हणजे तिच्यावर ढकलायचं. अम्माच्या डोळ्यांत बघून ती पोर नको, मला जायचं नाही, असंच म्हणणार, आणि मैमूनाला ते ऐकून बरं वाटणार. स्वतःला बरं वाटेल म्हणून प्रश्न विचारणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

ईदच्या आदल्या दिवशी, अराफच्या रोजात, तिने दाजीला निरोप धाडला. जून लागला होता, होड्या वाळूवर झापांखाली गेल्या होत्या, आणि दाजी त्यांच्याकडे पाठ करून चालत आला. मैमूना त्याला पडवीत बसवून स्वतः समोर बसली. मधे उठून जायचं नाही म्हणून तिने काळीची दोरीसुद्धा आधीच बांधून टाकली होती. ती म्हणाली, "दाजी, त्या दिवशी सांगूक इलेलात, तां आज सांगा. सगळा सांगा."

दाजीला सात वर्षं मुखपाठ होतं ते. जाळं कशात तरी अडकलं, मुबीन सोडवायला वाकला, लाट आडवी आली. दाजीने सुकाणू सोडून धाव घेतली. एवढं सांगून तो थांबला. मैमूना उठली नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "वयनी, मी तेका धरलेलंय. सदऱ्याक. तो सदऱ्यातसून सुटलो. सदरो माझ्या हातात ऱ्हवलो. दोनदा वर इलो. दुसऱ्यांदा तेना माझ्याकडे बघितल्यान. तेच्यानंतर नाय इलो. मी वाट बघलंय, काळोख पडासर बघलंय."

मैमूनाने विचारलं, त्याने हाक मारली का. दाजी नाही म्हणाला. भ्यालेला दिसत होता का, असं तिने विचारलं. दाजीने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने मान हलवली. होय. मैमूनाही बराच वेळ मान हलवत राहिली. तिचा घसा कोरडा पडला होता, पण रोजा होता, पाणी घेता येत नव्हतं. दाजी उठताना तिने विचारलं, "तो सदरो खंय आसा?" माझ्या घरात, माळ्यावर, तुम्ही मागितला नाही म्हणून तिथेच राहिला, असं तो म्हणाला. उद्या येताना आणा, एवढं ती म्हणाली.

ईदच्या दिवशी पाऊस उघडला होता. नमाजेला पुरुष मशिदीत, बायका मागच्या पडद्याआड. खतीबसाहेबांनी खुतब्यात, म्हणजे नमाजेच्या प्रवचनात, दर वर्षीप्रमाणे इब्राहिमची हकीकत सांगितली. मैमूनाने ती साठ वेळा ऐकली असेल. स्वप्नात हुकूम झाला, मुलाला डोंगरावर नेलं, सुरी गळ्यावर ठेवली, देवाने मुलाच्या जागी मेंढा धाडला. दर वर्षी ती मेंढ्यापाशी येऊन थांबायची. सात वर्षं तिनेही मेंढाच मागितला होता. यंदा तिचं लक्ष गेलं ते मेंढा येण्याच्या आधीच्या घटकेवर. मेंढा येणार हे बापाला ठाऊक नव्हतं. त्याने सुरी उचलली तेव्हा मुलगा गेला असंच धरून उचलली होती. मैमूनाच्या बाजूला राबिया बसली होती, डोकं झाकून, हात गुडघ्यांवर. मैमूनाने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली.

घरी येऊन तिने बोकडाला पाणी पाजलं. काळीच्या पोटचाच हा, अडीच वर्षांचा, कपाळावर राबियाने मेंदी लावलेली. मैमूना बोकडांना नाव ठेवत नाही, पण ह्याला फणसाचा पाला हातातून खायची सवय लागली होती, म्हणून तिने शेवटची दोन पानं हातातूनच दिली. खतीबसाहेब आले. सुरी त्यांनी जनावराला दिसू नये म्हणून पाठीमागे धरली होती, तसा त्यांचा नेम आहे. बोकडाला डाव्या कुशीवर, किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून निजवलं. मिठबावला किब्ला दर्याच्या बाजूला आहे. खतीबसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाच्या नावाने. मैमूनाने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, मुबीन याकूब होडेकर. आतापर्यंत कोणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. बिस्मिल्ला झाली, आणि ती दर वर्षीसारखी दर्याकडे बघत उभी राहिली.

कातडं उतरल्यावर खतीबसाहेबांनी आधी कलेजी काढली आणि केळीच्या पानावर ठेवून तिच्या हातात दिली. ती ऊन होती. मैमूना ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेली. राबियाने चूल पेटवून तवा चढवला होता, वाटण तयार होतं, दोन ताटल्या मांडल्या होत्या. तिने हात पुढे केला. मैमूनाने पान दिलं नाही.

"तवो उतर," ती म्हणाली.

राबियाला वाटलं आच जास्त झाली. तिने एक लाकूड मागे ओढलं. मैमूना उंबऱ्यातच उभी होती. ती म्हणाली, "ह्यातला घरात काय ठेवूचा नाय. सगळा वाटूचा आसा. तवो उतर, राबिया."

राबियाने फडक्याने तवा धरला, उतरवला आणि जमिनीवर ठेवला. मग तीही त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. सात वर्षांत ह्या पोरीला मोठ्याने रडताना कोणी पाहिलं नव्हतं. आता ती रडायला लागली तेव्हा पहिल्यांदा मैमूनाला तो आवाज ओळखूच आला नाही. तिला सुनेला पोटाशी धरायचं होतं, पण दोन्ही हातांत पान होतं आणि ते खाली ठेवलं तर आपण कलेजी परत तव्यावर टाकू, अशी तिला भीती वाटली. म्हणून ती तशीच उभी राहून रडली. मग म्हणाली, "खतीबसाहेबांक इचारूक व्हया. आजपासून चार म्हयने धा दिवस कधी होतत तां." विधवेच्या इद्दतीची मुदत तेवढीच असते.

ती स्वतःच बाहेर गेली. अंगणात तीन वाटे पडत होते. मैमूनाने हातातलं पान गरिबांच्या वाट्यावर ठेवलं. खतीबसाहेबांनी वर पाहिलं. तिने घरचा वाटा उचलून त्यातच टाकला, मग शेजारचा. एकाच ढिगाऱ्यात सगळं गेलं. खतीबसाहेबांनी सुरी धुतली, हात धुतले, दगडावर बसले आणि कोणी गेल्याचं कळलं की म्हणतात ते "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन" म्हणाले. अंगणातल्या माणसांनी ते ऐकून पुन्हा म्हटलं. हां हां म्हणता ते घराघरांत गेलं.

दुपारी दाजी आला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सदरा. मैमूनाने पडवीतच सांगितलं, "दाजी, यंदा तुमका काय नाय. आमकाय काय नाय." दाजी डब्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने चपला काढल्या, पडवीच्या कडेला बसला आणि तोंडावर टॉवेल धरला. मैमूनाने त्याच्या हातातून पुडकं घेतलं. सदरा निळा, चौकडीचा, वरची दोन बटणं तुटलेली. ती बटणं राबियाने लावलेली होती, लग्नानंतर नवऱ्याचं पहिलं काम केलं ते तेच. मैमूनाने सदरा आत नेऊन राबियाच्या मांडीवर ठेवला.

त्याच दुपारी, जोहरच्या नमाजेनंतर, मुबीनच्या जनाज्याची नमाज झाली. पुढे जनाजा नव्हता, नुसती मोकळी जागा, त्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे माड आणि दर्या. ईदचे नवे कपडे घातलेले पुरुष तीन रांगांत उभे राहिले. दाजी मशिदीच्या गडग्याबाहेर रिकामा डबा हातात धरून, डोकं खाली घालून उभा होता. अल्लाहु अकबरच्या चार तकबिरी झाल्या. मैमूनाने त्या घरातून मोजल्या.

नमाजेनंतर खतीबसाहेब दारात आले आणि तारीख सांगून गेले. रबीउल आखिरची वीस. दिवाळीच्या आठवडाभर आधी येईल.

संध्याकाळी दोन्ही बायका अजून उपाशीच होत्या. कोणाला भुकेची शुद्ध नव्हती. पण ईद ती ईद. उन्हं कलली तशा शेजारून झाकलेल्या ताटल्या येऊ लागल्या, एकेक करून सात. एकीत भाकरी आणि कलेजी होती, पलीकडच्या घरच्या बोकडाची. ती ताटली आणणारी बाई मैमूनाच्या दंडाला हात लावून गेली. राबियाने सगळ्या ताटल्या ओळीने ठेवल्या आणि त्यांच्यापुढे हात जोडल्यासारखी बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, चार महिन्यांनंतर काय.

मैमूना म्हणाली, "मगे तुझा मन काय म्हणता तां तू तुझ्या भावाक सांग. होय म्हण, नाय म्हण. माका इचारू नको. मी पण कोणाक इचारूक नाय, माझा मीच नाय म्हटलेलंय."

"तुमी एकट्यो ऱ्हवतल्यात?"

हे ऐकून मैमूनाचा जुना राग क्षणभर परत आला. एकटी कशी म्हणून तिने विचारलं. काळीला कोण बघतं, काळीच्या दोन पिल्लांना कोण बघतं, पुढच्या ईदचा बोकड कोण वाढवतं? मुबीनने दर वर्षी सांगितलंय, एका वर्षापुरतं नाही. आता तो वाढवायचा आणि त्यातलं काही खायचं नाही, एवढाच फरक. बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिने पदराने डोळे पुसले, ताटली जवळ ओढली, भाकरीचा तुकडा मोडून त्यात कलेजी धरली आणि घास राबियाच्या तोंडापुढे नेला. सात वर्षांत पहिला घास तिने कधी कोणाला दिला नव्हता.

"खा," ती म्हणाली. "ही दुसऱ्यांची आसा. ही चलता."

राबियाने तोंड उघडलं. मैमूनाने मग आपला घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि हात धुऊन फणसाचा पाला घेऊन गोठ्याकडे गेली.